तीन नंबरचा तांब्या

धरमपेठेतल्या ‘सुभद्रा निवास’ला हॉटेल म्हटलेलं मनोहररावांना चालत नसे. “हॉटेलात गिऱ्हाईक येतं. आपल्याकडे पाहुणा येतो,” असं ते म्हणत. बिल मात्र ते पाहुण्यालाच देत, आणि यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

खोल्या पाच. प्रत्येकीचा थाट निराळा. एकीच्या खिडकीत पेरूचं झाड, एकीत वडिलांची आरामखुर्ची, एकीला व्हरांड्यातलं सकाळचं ऊन. उशांच्या अभ्र्यांवरची फुलं प्रेमिलाबाईंनी, म्हणजे मनोहररावांच्या बायकोने, स्वतः भरलेली. पाण्याला घरातलेच जुने पितळी तांब्ये, चिंचेने घासून लख्ख केलेले. ज्याला स्टेशनजवळची लॉज परवडते पण तिथली चादर सोसत नाही, असा माणूस इथे येई.

मनोहरराव माणसाचा अंदाज गरम पाण्यावरून बांधत. सकाळी एक बादली मागून तीत भागवणारा माणूस जाताना कुरकुर करत नाही. दुसरी बादली मागणारा घासाघीस करतो. आणि “मी गारच घेतो” असं छाती काढून सांगणारा हमखास डोक्याला बचकभर तेल थापतो आणि अभ्रा मळवून जातो. हा हिशेब अनेक वर्षांच्या निरीक्षणातून निघालेला होता आणि तो क्वचितच चुके.

पाहुणे बहुतेक कोर्टाचे. हायकोर्टाचं खंडपीठ नागपुरात, आणि बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचा माणूस अपिलाला इथेच यायचा. जमिनीवरून भांडणारे, नोकरीवरून भांडणारे, आणि आता कशावरून भांडतो आहोत ते विसरलेले. वर्ध्याच्या एका शाळामास्तरीणबाई, यमुताई, एकदा दुसरी खोली रिकामी नव्हती म्हणून तीन नंबरात राहिल्या आणि पेन्शनची केस जिंकून गेल्या. मागोमाग दारव्ह्याचा एक सरपंच त्याच खोलीत राहिला, आणि तोही जिंकला. दोघांनीही जाताना खोलीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. ते मनोहररावांनी पाहिलं.

नशिबाचं दुधासारखं असतं. ते नुसतं ठेवलं तर नासतं. विरजण आपलं आपण लावावं लागतं. मनोहररावांनी ते लावलं. दाभाडकर वकिलांचा कारकून केशव रोज सकाळी कोर्टात जाताना सुभद्रा निवासात पोहे खायला थांबे. पोह्यांवर चण्याची तर्री तो स्वतःच्या हाताने ओतून घेई, कारण दुसऱ्याच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. मनोहरराव त्याच्यापुढे खुर्ची ओढत आणि कोण्या अशिलाचं नाव घेऊन सहज विचारत, “केस कशी आहे रे?”

“भारी आहे,” केशव म्हणाला की तीन नंबर रिकामी असे.

“अशीच आहे,” म्हणाला की तीन नंबर आधीच कोणीतरी घेतलेली असे, आणि मनोहरराव हळहळत त्या माणसाला पेरूच्या झाडाची खोली दाखवत.

अशा रीतीने तीन नंबरात झोपणारा माणूस हरत नसे, कारण हरणाऱ्याला तीन नंबरात झोपूच दिलं जात नसे. दोन-तीन वर्षांत खोलीचं नाव पार मेळघाटापर्यंत गेलं. तीन नंबर न मिळालेले लोक निदान शेजारच्या भिंतीला तरी झोपू म्हणून चार नंबर मागू लागले. सगळं सुभद्रा निवास या एका खोलीच्या नावावर चालू लागलं.

खुद्द मनोहररावांवरही एक दावा चालू होता. तो त्यांच्या धाकट्या भावाने, गोपाळरावांनी लावलेला. आई, म्हणजे सुभद्राबाई, मृत्युपत्र न करता गेल्या. गोपाळराव टपाल खात्यातली नोकरी करून महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि घराचा अर्धा हिस्सा मागत. दोघा भावांत तेव्हापासून अबोला. घर अर्धं झालं तर पाच खोल्यांच्या अडीच होतील, आणि अडीच खोल्यांत विश्रामगृह चालत नाही, हे मनोहररावांना कोणी समजावून सांगायला नको होतं.

“एकदा तुम्हीच झोपा ना तीन नंबरात,” प्रेमिलाबाई म्हणत.

“त्या खाटेवर माझी पाठ दुखते.”

खरं कारण वेगळं होतं. त्यांनी एकदा केशवला आपल्या केसचंही विचारलं होतं. केशवने तर्रीची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, “मनोहरराव, पोहे तुमचे खाऊन राहिलो म्हणून खोटं कसं बोलू? तुमची केस भारी नाही.”

त्या साली संक्रांतीच्या तोंडावर घोटाळा झाला. केशवने आपल्या साहेबांच्या एका अशिलासाठी तीन नंबर सांगून ठेवली. केस भारी होती. मनोहररावांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात काही कामाने नागपुरात आलेल्या यमुताई भाजी घेताना प्रेमिलाबाईंना भेटल्या आणि आपल्या ओळखीच्या एका संत्रेवाल्यासाठी तीच खोली मागून गेल्या. प्रेमिलाबाईंनी हो म्हटलं. खोली देण्याआधी माणसाची केस विचारायची असते, हे त्यांना नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. स्वतःची लबाडी बायकोलाही न सांगणारा माणूस असा कधीतरी बायकोकडूनच फसतो.

दुपारी दारात दोन सायकलरिक्षे एकामागोमाग थांबले. पहिल्यातून एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उतरला. दुसऱ्यातून एक बुटका, जाड चष्म्याचा माणूस. दोघांच्या खांद्यावर घोंगडी, दोघांच्या हातात संत्र्यांची करंडी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, तेही इतक्या मेहनतीने की पाहणाऱ्याच्या लक्षात यावं.

“तीन नंबर द्या जी,” उंच म्हणाला.

“माह्यं तीन नंबरचं बोलनं झालं हाये,” बुटका म्हणाला.

मनोहररावांनी नावं विचारली. उंच रुपराव गावंडे. बुटका धोंडबा गावंडे. दोघंही काटोलकडच्या एकाच गावचे.

“नात्यातले का?”

“नाई!” दोघं एकदम म्हणाले.

इतक्या एका सुरात बोलणारी माणसं परकी असू शकत नाहीत. मनोहररावांनी दोघांना व्हरांड्यात दोन टोकांना बसवलं, चहा पाठवला आणि सायकल काढून केशवला गाठलं. केशवने कपाळावर हात मारून घेतला.

“अरे देवा! हे तर एकमेकांच्याच विरुद्ध आहेत. चुलत भाऊ. बांधावरच्या विहिरीचं भांडण, बापांच्या काळापासूनचं. खालच्या कोर्टात एक जिंकला, वरच्यात दुसरा.”

“मग यात भारी कोण?”

“आमच्या साहेबांचा धोंडबा.”

“आणि रुपरावच्या वकिलाचा कारकून काय म्हणतो?”

“तो म्हणतो रुपराव.”

परत येईपर्यंत मनोहररावांनी डोक्यात सगळी मांडणी केली. एकाला खोली दिली आणि तो हरला, तर तीन नंबरचं नाव गेलं. नाव गेलं तर सुभद्रा निवास गेलं. दोघांना पेरूच्या खोलीचं आमिष दाखवून पाहिलं. “त्यायले द्या थे पेरू,” दोघांनीही सांगितलं. तेव्हा मनोहररावांना एक युक्ती सुचली आणि तिच्यावर ते स्वतःच खूश झाले. तीन नंबरात खाटा दोन होत्या. दोघांनाही तिथेच ठेवायचं! कोणीतरी एक जिंकणारच. म्हणजे खोली जिंकली.

“आणि कोणीतरी एक हरणारच,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“जमेची बाजू आधी वाचावी गं माणसाने.”

गावंडे बंधूंनी हे मान्य केलं, कारण नाही म्हणणाऱ्याची खोली गेली असती. दोन्ही खाटांच्या मधे एक स्टूल राहील एवढी जागा होती. त्या जागेवर दोघांनी आपापली करंडी ठेवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी दोन्ही करंड्या खाटांखाली गेल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत मनोहररावांना हाक आली.

“मनोहरराव,” रुपराव म्हणाले, “त्यायले सांगा, खिडकी लावा म्हना. थंडीनं पाय आखडून राह्यले.”

धोंडबा दोनच हातांच्या अंतरावर बसला होता. “त्यायले सांगा,” तो म्हणाला, “खिडकी लावली का माहा जीव घाबरते.”

“अहो, पण तुम्हाला ऐकू आलं ना त्यांचं?”

“मले काहून ऐकू येईन? मी त्याच्यासंग बोलत नाई.”

हे असं सुरू झालं. दिवा मालवा म्हना. घोरू नोको म्हना. माह्या जोड्यावरून काहून गेला विचारा. सकाळी गरम पाण्याची पहिली बादली कोणाची, यावरून तर मनोहररावांना अंगणातून खोलीत आणि खोलीतून अंगणात इतक्या फेऱ्या झाल्या की पाणी गार झालं. दोघंही एकाच बादलीत भागवणारे होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

केसही लवकर निघेना. दोघं रोज सकाळी दोन रिक्षांनी कोर्टात जात आणि संध्याकाळी दोन रिक्षांनी परत येत. केस रोज बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत असे, पण खालच्या बाजूला, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत न्यायमूर्ती उठत. चार दिवसांचं काम आठवड्यावर गेलं. गावी जाऊन येऊ असं दोघांनाही वाटे, पण एक गेला तर दुसरा तीन नंबरात एकटा झोपेल, म्हणून कोणीच हलेना.

संक्रांतीला प्रेमिलाबाईंनी दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हटलं. दोघांनी तिळगूळ खाल्ला, प्रेमिलाबाईंशी गोड बोलले आणि भिंतींकडे तोंडं करून बसले. तिळगुळाने भागत असतं तर सरकारने हायकोर्ट कशाला बांधलं असतं?

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंनी स्टूल आणून दोन्ही खाटांच्या मधे ठेवलं आणि त्यावर खोलीतला तांब्या ठेवला.

“हे बघा गावंडे, आमच्या यांना दुसरी कामं आहेत. काय सांगायचं ते या तांब्याला सांगत जा. आमच्या सासूबाईंचा आहे. मामंजींशी त्यांचा अबोला असायचा, आणि तो असायचाच, तेव्हा सारा संसार त्यांनी याच्या तोंडून केला. ‘तांब्या, सांग त्यांना, पानं वाढलीत. तांब्या, सांग त्यांना, धाकट्याला ताप आहे.’ असंच करत दोन पोरं वाढवली.”

रुपरावांनी तांब्याकडे निरखून पाहिलं. “ऐकते का हा?”

“ऐकतो. आणि उलटून बोलत नाही.”

धोंडबाने घसा खाकरला आणि तांब्याकडे पाहून म्हटलं, “ए तांब्या, सांग त्याले. रात्री माही घोंगडी वढून घेतली त्यानं.”

“तांब्या,” रुपराव म्हणाले, “सांग, थे घोंगडी खाली पडली होती. म्या उचलून त्याच्याच अंगावर टाकली.”



मनोहररावांना उसंत मिळाली. पण उसंत मिळाली तशी काळजीही मोठी झाली. केस आता बोर्डावर वर सरकत होती. केशव रोज सकाळी सांगे, आज नाहीतर उद्या. निकाल लागला की दोघांपैकी एक जण गावोगाव सांगत फिरणार होता की तीन नंबरात काही अर्थ नाही. हरलेला माणूस जिंकलेल्यापेक्षा जास्त बोलतो, हे मनोहररावांना युक्ती सुचली तेव्हा आठवलं नव्हतं. आता रोज आठवत होतं.

रविवारी संत्रा मार्केटमध्ये माल घेऊन आलेला त्यांच्या गावचा लहानू नावाचा शेतकरी भेटायला आला. तो दारातच उभा राहिला. कोणाकडे पाहून बोलावं हे न कळल्यामुळे तोही तांब्याकडे पाहून बोलला.

“दादा हो, झाडं लय तानली. पानं गुंडाळून राह्यली. हात लावला का चुरा होते.”

संत्र्याचं असं असतं की थंडीत झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, मलूल होतं, आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की फुलांनी फुटतं. वेळ टळली तर फुटत नाही, वाळतं. गावंड्यांच्या दोन्ही बागांना पाणी एकाच विहिरीचं, आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीला कुलुपं दोन. एक रुपरावांचं, एक धोंडबाचं. एरवी हंगाम आला की गावातला कोणी शहाणा माणूस मधे पडून दोघांकडून किल्ल्या नेई. यंदा दोघंही नागपुरात, आणि किल्ल्या दोघांच्या करगोट्याला.

लहानू चहा पिऊन गेला. मनोहरराव तीन नंबरच्या खिडकीखाली ऊन खात पेपर वाचत बसले, म्हणजे पेपर उघडून बसले.

“तांब्या,” आतून रुपराव म्हणाले, “सांग त्याले. झाडं काही कोर्टाची वाट पाहत नाई.”

“सांग, हे मले ठाऊक हाये. मी बी संत्र्याच्याच घरातला हावो.”

“मंग विचार, किल्ली देते का लहानूजवळ.”

“विचार, थो देते का.”

“म्या तं काढली.” करगोट्याचा दोरा तुटल्याचा आवाज मनोहररावांनी ऐकला, किंवा ऐकला असं त्यांना वाटलं. “एक दिवस त्याचा, एक दिवस माहा. आता, अन् मंगही. हरसाल.”

“अन् विहीर कोनाची?”

“विहीर कोनाची काय विचारते? पानी कोनाचं थे विचार म्हना!”

खिडकीखाली पेपर हळूच मिटला गेला.

“तांब्या,” धोंडबा म्हणाला, “विचार त्याले, पह्यला दिवस कोनाचा.”

“त्याचा.”

“काहून? घरात मोठा कोन हाये, त्याले ठाऊक नाई का?”

“मी मोठा असलो म्हनून का झालं? त्याची झाडं उतारावर हायेत. थे पह्यले वाळतीन. पह्यला दिवस त्याचाच.”

“उपकार नोको म्हना! पह्यला मोठ्याचा.”

“सांगलं ना एकदा!”

“म्या बी सांगलं!”

आवाज चढले. स्टूल सरकल्याचा आवाज आला. पहिला दिवस दुसऱ्याला देण्यावरून हे दोघं पुन्हा हायकोर्टात जाणार अशी मनोहररावांची खात्री पटत असतानाच प्रेमिलाबाई चहा घेऊन आत गेल्या.

“दोन कुलुपं उघडायला दोघं लागतीलच ना? मग पहिल्या दिवशी दोन्हीकडे सोडा थोडं थोडं. त्यात काय येवढं?”

दोघांनी एकदमच चहाला हात घातला.

सोमवारी दोघांनी आपापल्या वकिलांना तडजोडीचा अर्ज लिहायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सुभद्रा निवास सोडलं. पुन्हा दोन रिक्षे. बोलणं सुरू करायचं तडजोडीत लिहिलेलं नव्हतं. जाताना धोंडबा मनोहररावांना बाजूला घेऊन म्हणाला, “थो तांब्या विकता का जी?” प्रेमिलाबाईंनी आतूनच नाही म्हणून सांगितलं.

मनोहरराव तरंगत होते. जमाखर्चाच्या इतिहासात असं पान कोणी पाहिलं नसेल. खर्चाची बाजूच नाही, दोन्ही बाजूंना जमा! तीन नंबरात विरुद्ध पक्ष झोपले आणि तरी कोणी हरलं नाही. ज्याला त्याला ते ही हकीकत सांगत सुटले. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगितली, दूधवाल्याला सांगितली, पेरूच्या खोलीतल्या पुसदच्या पाहुण्यांना दोनदा सांगितली. केशव पोहे खायला आला तेव्हा त्यालाही सांगू लागले, तर त्याने बशी बाजूला सारली.

“हे काय करून ठेवलं तुम्ही?”

“मी काय केलं? मिटलं त्यांचं.”

“मिटलं! आमचे साहेब तोंड पाडून बसून राहिले. एवढा युक्तिवाद तयार केला, सगळा पाण्यात.”

“पण कोणी हरलं नाही, केशव.”

“कोणी जिंकलंही नाही ना, मनोहरराव.”

केशव उठला. तर्री तशीच राहिली, आणि हे आधी कधीच झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात यवतमाळकडच्या एक पंचफुलाबाई आल्या. भावजयीशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, केस होती. केस भारी आहे हे मनोहररावांनी दुसऱ्या एका कारकुनाकडून काढलं होतं. त्यांनी स्वतः किल्ली घेऊन तीन नंबर उघडली. पंचफुलाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“हेच का थे खोली?”

“हीच.”

“मंग मले नोको.”

“अहो, लोक महिना महिना आधी मागतात ही खोली.”

“मागत होते. आता इथं झोपलं का मिटते म्हनतेत. मले मिटवाचं नाई जी. मले जिकाचं हाये. मिटवाचंच असतं तं गावात नसतं मिटवलं? येवढ्या दूर कायले आली असती?”

त्या समोरच्या लॉजमध्ये गेल्या.

त्यांच्यामागून इतर लोकही जाऊ लागले. वकील अशिलांना सांगत, कुठेही राहा, पण तिथे राहू नका. एका रात्रीत मन मऊ होतं म्हणे त्या खोलीत. शेजारच्या भिंतीला झोपू पाहणारे आता त्या भिंतीलाही घाबरू लागले, आणि तीन नंबरच्या मागोमाग चार आणि दोन रिकाम्या पडल्या. मनोहररावांनी तीन नंबरच्या दारावर रंगाने सहा नंबर करून पाहिला. पाच खोल्यांच्या घरात सहा नंबर पाहून लोकांना जास्तच संशय आला. बारा वाटांनी कमावलेलं नाव असं एका वाटेने गेलं, आणि त्यात गंमत अशी की चांगल्या कारणाने गेलं, म्हणून कोणाकडे तक्रारही करता येईना.

“नाहीतरी तुम्ही हरणाऱ्यांना तिथे ठेवतच नव्हता,” प्रेमिलाबाई एकदा म्हणाल्या.

मनोहरराव चमकले. “तुला कधी कळलं?”

“केशव पोहे खायला बसायचा तो आपल्याच स्वयंपाकघरासमोर.”

तांब्या आता रिकाम्या खोलीत ठेवून काय करायचा, म्हणून प्रेमिलाबाईंनी तो पुढच्या टेबलावर आणून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायला. येणारे-जाणारे फार नव्हते.

शिमगा जवळ आला होता. सावरीला फुलं लागली होती, आणि दुपारच्या उन्हाला धार आली होती. मनोहरराव टेबलाशी बसून, गिऱ्हाईक नसल्यामुळे, किल्ल्यांच्या फळीवरची धूळ पुसत होते. दारात सायकलरिक्षा थांबला. एक माणूस होल्डॉल घेऊन उतरला आणि आत आला. मनोहररावांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. गोपाळराव होते.

गोपाळरावांनी भिंतीवरचा आईचा फोटो पाहिला. छताकडे पाहिलं. मग टेबलावरच्या तांब्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते थोडा वेळ तिथेच राहिलं.

“तांब्या,” ते म्हणाले, “विचार, तीन नंबर रिकामी आहे का?”

मनोहररावांनी फळीकडे पाहिलं. पाचही किल्ल्या ओळीने लटकत होत्या. त्या दारातूनही दिसत होत्या. याला इथे कोणी पाठवलं? स्वतःच्या मनाने आला की वकिलाने काही सांगितलं? मनोहररावांनी सवयीने हिशेब मांडला. आपली केस भारी नाही, हे केशवने सांगून ठेवलं होतं. मग याची भारी असणार. पण ज्याची केस भारी तो या खोलीत झोपायला कशाला येईल? अख्ख्या विदर्भात आता ही खोली कोणी मागत नव्हतं, आणि हा होल्डॉल बांधून आला होता. हिशेब दोनदा मांडून पाहिला, दोन्ही वेळा जुळला नाही.

“तांब्या,” मनोहरराव म्हणाले, “सांग त्याला. ती खोली एकट्याला देत नाही.”

गोपाळरावांनी होल्डॉल खाली ठेवला.

“विचार त्याला, दुसऱ्या खाटेवर कोण?”

मनोहररावांनी तिसऱ्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि हातात धरून ते बसून राहिले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“अहो,” प्रेमिलाबाईंनी आतून विचारलं, “उद्या सकाळी तीन नंबरला गरम पाणी किती ठेवू?”

“माझी एक बादली,” मनोहरराव म्हणाले.

“आणि भाऊजी?”

वहिनीशी अबोला नव्हता. गोपाळरावांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. “वहिनी, मी गारच घेतो,” ते म्हणाले.

मनोहरराव उठले, किल्ली घेऊन व्हरांड्यातून तीन नंबरकडे निघाले, आणि जाता जाता प्रेमिलाबाईंना सांगून गेले, की डावीकडच्या उशीचा फुलांचा अभ्रा काढून ठेव आणि एखादा जुना चढव.